अवघड विषय की जास्त मार्क? आधी फिल्टर, मग सॉर्ट

एपिसोड ऐकायला वेळ मिळत नाही, लिहून पण टाकत जा, असं तुमच्यापैकी बरेच जण सांगतात. म्हणून दर वेळेसारखं हे लिखित रूप. बोलताना झालेले 'अं' आणि 'म्हणजे कसंय' काढलेत, बाकी भाषा तीच.

आजचा विषय गारखेड्याहून आलेल्या एका व्हॉइस नोटवरून घेतलाय. ती म्हणते, "दादा, मला दहावीला ८६ टक्के पडले, गणितात ७१. पप्पा म्हणतात गणित घे, इंजिनिअरिंगला लागतं. मावशी म्हणते गणित सोड, बायोलॉजी घे, टक्केवारी छान राहील. मैत्रीण म्हणते मराठी पण सोड, आयटी घे, तिथं मार्क सोपे आहेत. मी नक्की काय बघून ठरवू?"

प्रश्न एकटीचा नाही. कन्नड, सिल्लोड, वैजापूर, पैठणहून दर जूनमध्ये पोरं-पोरी संभाजीनगरात येतात, रूम बघतात, मेस लावतात आणि कॉलेजच्या काउंटरवर उभं राहून पाच मिनिटांत विषयांवर टिक करतात. त्या टिकवर पुढची दोन वर्षं जातात. टिक चुकली तर तिसरं वर्ष, म्हणजे परत रूमभाडं, परत मेस, परत क्लासची फी. म्हणून आज नीट हिशोब मांडू.

कॉम्प्युटरला अवघडपणा दिसत नाही

मी सॉफ्टवेअरवाला आहे, तर माझ्या भाषेत सांगतो. शॉपिंग ॲपवर तुम्ही मोबाइल शोधता तेव्हा काय करता? आधी फिल्टर लावता: इतकी रॅम, इतकी बॅटरी. फिल्टरमध्ये न बसणारा फोन कितीही भारी असला तरी स्क्रीनवर येतच नाही. मग उरलेल्यांना सॉर्ट करता: किंमत कमी ते जास्त.

आपल्याकडची कॉलेज प्रवेशाची प्रक्रिया अगदी अशीच चालते. फिल्टर म्हणजे पात्रता: अमुक विषय घेतलेत का, त्यात किमान इतके टक्के आहेत का. सॉर्ट म्हणजे मेरिट लिस्ट: एका आकड्यावरून लावलेली रांग. या दोन्हीत 'हिने अवघड विषय घेतला होता, दोन मार्क जास्त द्या' असा रकाना कुठेही नाही.

बाहेरच्या देशांत थोडं वेगळं आहे. अमेरिकेत बऱ्याच शाळा अवघड कोर्सला जास्त वजन देतात. साध्या कोर्समध्ये 'ए' मिळाला तर ४ गुण, ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट कोर्समध्ये 'ए' मिळाला तर ५. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया तर या जादा गुणांना मर्यादाही घालते: जास्तीत जास्त आठ सेमिस्टरपुरतेच. शिवाय तिथले अर्ज माणसं वाचतात आणि 'या शाळेत काय उपलब्ध होतं, त्यातलं या मुलाने काय घेतलं' हे बघतात. त्यामुळे यूट्यूबवर एखादा परदेशातला व्हिडिओ सांगतो की 'कायम अवघड कोर्स घ्या, कॉलेजला आवडतं', तेव्हा तो तिथल्यापुरता बरोबर असतो. आपल्या सीईटी सेलच्या लिस्टला काही आवडत-बिवडत नाही. तिला आकडा कळतो.

महाराष्ट्राने अवघडपणा मोजायचा प्रयत्न केला होता

तुम्ही म्हणाल, मग सरकारने अवघडपणाचं वजन धरावं की! गंमत अशी की एकदा प्रयत्न झाला होता. विषयांच्या बाबतीत नाही, बोर्डांच्या बाबतीत. एसएससी, सीबीएसई, आयसीएसई या तिन्ही बोर्डांची मुलं अकरावीच्या एकाच रांगेत. कोणाचा पेपर अवघड, कोण मार्क सढळ देतं, यावरून भांडण जुनंच.

२००८ मध्ये राज्य सरकारने वेगवेगळ्या बोर्डांचे मार्क एका पातळीवर आणायला पर्सेंटाइलचं सूत्र आणलं. मुंबई हायकोर्टाने ते रद्द केलं. २००९ मध्ये ९०:१० आलं: ९० टक्के जागा एसएससीच्या मुलांना, १० टक्के बाकीच्या बोर्डांना. तेही हायकोर्टात टिकलं नाही. २०१० मध्ये 'बेस्ट ऑफ फाइव्ह' आलं, म्हणजे एसएससीच्या सहापैकी ज्या पाच विषयांत जास्त मार्क आहेत तेच धरायचे. हायकोर्टाने तेही रद्द केलं, पण सुप्रीम कोर्टात ते टिकलं आणि आजही तुमच्या दहावीच्या टक्केवारीत तेच आहे.

आता बघा, टिकलं काय? जे अवघडपणा मोजत नाही ते. 'बेस्ट ऑफ फाइव्ह' फक्त एवढंच म्हणतं की सगळ्यात कच्चा विषय सोडून द्या. कोणाचा पेपर किती अवघड, या वादात ते पडतच नाही.

आणि अवघडपणा किती सरकता असतो हे २०१९ च्या बॅचला विचारा. त्या वर्षी भाषा आणि समाजशास्त्र या विषयांचे २० अंतर्गत गुण काढून टाकले होते. २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ मध्ये तो ७७.१० वर आला. एका वर्षात महाराष्ट्रातली लेकरं काही ढ झाली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. पुढच्या वर्षी अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. त्या वर्षी कोरोनामुळे भूगोलाचा पेपर रद्द झाला होता हेही लक्षात ठेवा.

यातून आपल्या कामाची गोष्ट एवढीच: 'माझा विषय अवघड होता' हे कुठलीही लिस्ट ऐकून घेत नाही. म्हणून अवघड विषय घ्यायचा तर तो कुठल्या तरी फिल्टरमध्ये किंवा सॉर्टमध्ये कामाला आला पाहिजे.

कुठल्या दाराला कुठला फिल्टर

आता एकेक दार बघू. मोबाइलच्या नोट्समध्ये तीन रकाने करा: कुठे जायचं, फिल्टर काय, सॉर्ट कशावर.

इंजिनिअरिंग. राज्यातल्या बीई-बीटेक प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवेतच. सोबत केमिस्ट्री किंवा चालणाऱ्या विषयांपैकी एक. या तिघांत मिळून खुल्या वर्गाला ४५ टक्के, राज्यातल्या मागासवर्गीय विद्यार्थ्यांना ४० टक्के. हा झाला फिल्टर. सॉर्ट होतं एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलवर. म्हणजे बारावीला ९२ पडले आणि सीईटीला ७० पर्सेंटाइल, तर रांगेत तुम्ही ७० वाले. आपल्या इथलं १९६० पासूनचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय असो की पुण्याचं सीओईपी, कॅप राउंडच्या रांगेत हाच आकडा चालतो.

आणि सीईटीच्या पेपरकडे बघा. फिजिक्स ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी १ मार्क. मॅथ्स ५० प्रश्न, पण प्रत्येकी २ मार्क. एकूण २०० पैकी १०० मार्क एकट्या गणिताचे. समजा फिजिक्समध्ये १० प्रश्न जास्त बरोबर आणले, तर १० मार्क वाढले. तेवढीच मेहनत गणितात करून १० प्रश्न वाढवले, तर २० मार्क. म्हणजे इंजिनिअरिंगला जायचं असेल तर गणित 'अवघड म्हणून नको' हा पर्यायच उरत नाही, कारण ते फिल्टरमध्येही आहे आणि सॉर्टमध्येही.

मेडिकल. फिल्टर म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी. सॉर्ट नीटच्या मार्कांवर. नीटमध्ये १८० प्रश्न, ७२० मार्क, त्यातले ९० प्रश्न म्हणजे ३६० मार्क बायोलॉजीचे. तिथे गणिताचा स्वतंत्र पेपर नाही. पण फिजिक्सच्या गणितांना लॉग, त्रिकोणमिती आणि थोडं कॅल्क्युलस लागतंच, ते बाजूला शिकावं लागतं.

फार्मसी आणि बीएस्सी ॲग्री. इथे फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर मॅथ्स किंवा बायोलॉजी, दोन्हीपैकी काहीही चालतं. म्हणजे इथे अवघड-सोपं हा खरंच तुमचा निर्णय आहे. ज्यात सीईटीचे मार्क जास्त येतील ते घ्या.

आयआयटी, एनआयटी. रँक जेईईवर. पण फिल्टर विसरू नका: बारावीला ७५ टक्के, एससी-एसटी आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना ६५, किंवा तुमच्या बोर्डात आपल्या प्रवर्गातल्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये असणं. २०१३ ते २०१६ मध्ये जेईई मेनच्या रँकमध्ये बारावीच्या मार्कांना ४० टक्के वजन होतं. २०१७ पासून ते काढलं. घरातल्या मोठ्या दादाचा सल्ला त्या काळातला असेल तर तारीख तपासून घ्या!

एनडीए. आर्मीसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते. एअरफोर्स आणि नेव्हीसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स लागतं. आपल्या शहरात १९७७ पासून एसपीआय आहे, मुलांना एनडीएसाठी तयार करणारी राज्य सरकारची संस्था. तिकडे जायचं स्वप्न असेल तर हा फरक अकरावीच्या फॉर्मआधी माहीत हवा. शिवाय एनडीएच्या लेखी परीक्षेत गणिताचा पेपर सगळ्यांनाच असतो.

डिप्लोमा. दहावीनंतर पॉलिटेक्निकला मेरिट दहावीच्या मार्कांवर, आणि डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला जाताना डिप्लोमाच्या मार्कांवर. इथे मार्कच राजा आहेत.

बीए, बीकॉम, साधं बीएस्सी. बहुतेक ठिकाणी बारावीच्या टक्क्यांवर रांग लागते. पण बीसीए, बीबीएला २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी आली आहे, आणि केंद्रीय विद्यापीठांत २०२२ पासून सीयूईटी.

मग ठरवायचं कसं?

या सगळ्यातून तीन पायऱ्या निघतात. क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली: फिल्टर. तुम्हाला जी दोन-तीन दारं उघडी ठेवायची आहेत, त्यातल्या एकाही फिल्टरमध्ये तो अवघड विषय असेल तर तो घ्यायचा. इथे टक्केवारीचा विचार करायचा नाही. बारावीला चार टक्के कमी पडले तर कॉलेज बदलेल, फिल्टरच हुकला तर रस्ताच बदलेल. दोन्ही नुकसान एका तराजूत येत नाही.

दुसरी: सॉर्ट. विषय फिल्टरमध्ये नसेल, तर बघा रांग कशावर लागते. बारावीच्या टक्क्यांवर लागत असेल तर बिनधास्त मार्क देणारा विषय घ्या. त्यात लाज कसली? रांग सीईटीवर लागत असेल तर जो विषय कमी वेळ खाईल तो घ्या, म्हणजे वाचलेला वेळ सीईटीला देता येईल.

तिसरी: पुढचं वर्ष. प्रवेश मिळाल्यावर पहिल्याच सेमिस्टरला काय शिकवणार हे बघा. इंजिनिअरिंगला कुठलीही ब्रँच घ्या, पहिल्या वर्षी मॅथ्स असतंच. बारावीत 'पासिंगपुरतं' केलेलं गणित तिथे पहिल्या पंधरा दिवसांत उघडं पडतं. हा हिशोब मेरिट लिस्टमध्ये दिसत नाही, पण नंतर बॅकलॉगमध्ये दिसतो.

आयटी घेऊ का? मराठी सोडू का?

हा दुसऱ्या पायरीचा प्रश्न आहे. सायन्सला इंग्रजी सक्तीचं. दुसऱ्या भाषेच्या जागी आयटी घेता येतं: ८० मार्कांची ऑनलाइन परीक्षा आणि २० मार्कांचं प्रात्यक्षिक. किंवा बायफोकलचा कॉम्प्युटर सायन्स, जो २०० मार्कांचा असतो आणि दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय, बहुतेक वेळा बायोलॉजी, यांची जागा घेतो.

इंजिनिअरिंगला जाणार असाल तर फिजिक्स, मॅथ्स, केमिस्ट्री शाबूत राहतात, त्यामुळे फिल्टरला धक्का नाही. आयटीत थोडं प्रोग्रॅमिंग शिकायला मिळतं, मार्कही नीट अभ्यास केला तर येतात. पण 'फुकट' नाही, फुकट असं बोर्डात काहीच नसतं. ज्याला टायपिंगचाच वैताग आहे, त्याला मराठीत जास्त मार्क पडू शकतात. आणि कोणी पुढे एमपीएससीचा विचार करत असेल तर राज्यसेवेच्या मुख्य परीक्षेत मराठीचा पेपर आहे, तेव्हा मराठीला कमी लेखू नका. मात्र कॉम्प्युटर सायन्स घेताना बायोलॉजी सुटतेय हे डोळे उघडे ठेवून सोडा. नीटचा विचार अर्धा जरी मनात असेल तरी आधी तो पूर्ण करा.

दोन्ही घेऊन ठेवू का, पीसीएमबी?

'निर्णय होत नाही, म्हणून चारही घेते', हा संभाजीनगरातला लाडका तोडगा. फिल्टरच्या दृष्टीने तो सगळ्यात सुरक्षित आहे, दोन्ही दारं उघडी. पण सॉर्टच्या दृष्टीने महाग आहे. सीईटीचे पीसीएम आणि पीसीबी हे वेगळे गट आहेत, त्यातल्या तीन-तीन विषयांवर पर्सेंटाइल निघतं. आणि पर्सेंटाइल म्हणजे काय? तुमच्या सत्रात १०,००० जण बसले आणि त्यातल्या ९,५०० जणांचे मार्क तुमच्याएवढे किंवा तुमच्यापेक्षा कमी, तर तुम्ही ९५ पर्सेंटाइल. म्हणजे तुमची तुलना त्या पोरांशी आहे ज्यांनी दोन वर्षं फक्त तीनच विषय घोटलेत. पेपर अवघड आला तर सगळ्यांनाच अवघड, त्याची काळजी नाही. वेळ मात्र प्रत्येकाला सारखाच मिळतो.

म्हणून पीसीएमबी घ्यायचं असेल तर तारीख ठरवून घ्या. अकरावीच्या दिवाळीपर्यंत दोन्ही मनापासून करा. मग एक मुख्य ठरवा, दुसरा बोर्डापुरता.

पंधरा दिवसांची चाचणी

'मला गणित झेपेल का?' याचं उत्तर दहावीच्या मार्कांत अर्धंच असतं. दहावीचं गणित आणि अकरावीचं गणित यांत मोठी उडी आहे. म्हणून चाचणी घ्या. ई-बालभारतीवर अकरावीचं गणिताचं पुस्तक फुकट डाउनलोड होतं. पहिले धडे कोनमापन आणि त्रिकोणमितीचे आहेत. पंधरा दिवस, रोज एक तास. उदाहरणं वाचायची, मग झाकून स्वतः सोडवायची. शेवटच्या तीन दिवसांत उत्तरं निम्म्याहून जास्त बरोबर येऊ लागली तर विषय झेपतो, फक्त सराव हवा. तेवढ्या दिवसांत काहीच हललं नाही आणि पुस्तक उघडायचीही इच्छा होत नाही, तर ती माहितीसुद्धा कामाचीच आहे. तसंच बायोलॉजीचं. चित्रं छान आहेत म्हणून विषय सोपा होत नाही, पाठांतराचा डोंगर असतो.

गारखेड्याच्या ताईला माझं उत्तर असं: इंजिनिअरिंगचं दार मनात खरंच असेल तर ७१ मार्क हे गणित सोडायचं कारण नाही. ते दार फक्त पप्पांच्या मनात असेल आणि तुला फार्मसी किंवा ॲग्री आवडत असेल, तर मावशीचं म्हणणं बरोबर आहे. पंधरा दिवसांची चाचणी करून ते पान पप्पांसमोर ठेव. घरात आवाजाने होत नाही ते कागदाने होतं.

दोन सावधगिरी

एक. सीईटीच सगळं काही म्हणून बारावी वाऱ्यावर सोडू नका. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच मोठ्या सर्व्हिस कंपन्या दहावी, बारावी आणि डिग्री, तिन्हीकडे ६० टक्क्यांची अट लावतात. तोही फिल्टरच. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजीला ३० आणि मॅथ्सला २० मार्क प्रात्यक्षिकाचे असतात, ते आरामात मिळवता येतात. जर्नल वेळेवर पूर्ण करा.

दोन. टिक आधीच चुकली असेल तर जग बुडालेलं नाही. बारावी पास झाल्यावर एखादा राहिलेला विषय बोर्डात 'तुरळक विषय' म्हणून देता येतो. बायोलॉजीवाल्याला नंतर गणित जोडता येतं. पण त्यात बहुधा एक वर्ष जातं, आणि ते वर्ष कोणाच्या खिशातून जाणार हे घरात बसून बोलायला हवं.

शेवटचं काम, आज रात्रीचंच. ज्या कोर्सला जायचंय त्याची या वर्षीची माहिती पुस्तिका सीईटी सेलच्या वेबसाइटवरून डाउनलोड करा आणि फक्त 'पात्रता' हे पान वाचा. नियम दर वर्षी थोडे हलतात, त्यामुळे माझ्यावर नाही, त्या पानावर विश्वास ठेवा. तुमचे तीन रकाने भरून झाले आणि तरी अडलं, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडला कॅप राउंडमध्ये पसंतीक्रम कसा लावायचा ते बघू. तोवर फॉर्म भरताना घाई करू नका, काउंटरमागचे काका ओरडले तरी!